भगदाड बुजेपर्यंत चहा नाही

उरवड्याच्या एका कारखान्यात मी सुपरवायझर आहे. माणसांकडून काम कसं काढून घ्यायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही! त्यामुळे जांबे गावातल्या आमच्या घरी बाथरूमला नव्या फरशा बसवायचं ठरलं, तेव्हा मी बायकोला, रेश्माला, ठणकावून सांगितलं, "तू बिनघोर ऱ्हा. ठेकेदाराला मी सरळ करतो!"

ठेकेदार गावातलाच, कुशाबा. त्याच्या माणसाने जुन्या फरशा काढायला ब्रेकर लावला आणि फरशांबरोबर विटाही काढल्या. बाथरूम आणि स्वयंपाकघराच्या मधल्या भिंतीला कलिंगडाएवढं भगदाड! दुसऱ्या दिवशी मी अंगाला साबण लावतोय, तोच भिंतीतून आईचा आवाज आला, "भैरू, पाणी जपून वापर की रं!" मी बादलीआड दडलो.

मी कुशाबाला फोन लावला. "भगदाड तू पाडलंस, तूच बुजवायचं!"

"दादा, भितच कच्ची व्हती, आमी काय करणार? या घरी, चा घेऊन बोलू."

इथेच मी सावध झालो. आमच्याकडे वाद मिटवायची रीत सोपी आहे. ज्याच्याशी भांडण, त्याच्या घरचा चहा घेतला की विषय संपला. पुन्हा त्यावर तोंड उघडायचं नाही. मी जाहीर करून टाकलं, "भगदाड बुजेपातूर तुझा चा मी घेनार न्हाई!"

कुशाबाही काही कमी नव्हता. तो कामावर थर्मास घेऊन यायला लागला. मी भगदाडाकडे बोट दाखवावं, की याने त्या हातात कप द्यावा! शेवटी मी दोन्ही हात खिशात घालून भांडायला लागलो. हात न हलवता भांडणं किती अवघड असतं, ते एकदा करून बघा! त्यातून अर्धं गाव कुशाबाचं सोयरं. कुणाचा घोट कुठे मोजला जाईल, सांगता येईना. मी गावभरचा चहा बंद केला.

झालं! भैरूला शुगर झाली, अशी गावात बोंब उठली. आमचे नथूकाका पाटीभर कारली घेऊन आले.

"लाजू नगंस," ते कानात म्हणाले, "माझी बी लई वाढली व्हती."

खरं कारण सांगायची सोय राहिली नाही, कारण रेश्माने तोवर कारली चिरायला घेतली होती. भगदाडाला गोणपाट लावलं होतं, पण फोडणीचा धूर काही थांबेना. रोज आंघोळ करून निघालो, की अंगाला कारल्याच्या भाजीचा वास! कारखान्यात माझ्या शेजारी कुणी डबा खायला बसेना.

"अवो, घमेलंभर माल लागंल. तुमीच बुजवा ना," रेश्मा वैतागून म्हणाली.

"त्यानं पाडलंय, त्योच बुजवंल!" मला खरंच संताप आला होता. आज भिंत सोडली, तर उद्या छप्पर फोडतील!

शेवटी नथूकाकांना पंच म्हणून बरोबर घेतलं आणि थेट कुशाबाच्या ओसरीवर जाऊन उभा राहिलो.

"आज निकाल लावायचा!" मी म्हणालो.

"कशाचा?" कुशाबा खरोखरच गोंधळला. "आवो, त्यो वाद कवाच मिटला की! आत्तीनं हितंच बसून चा घेतला."

"आमच्या आईनं?"

"व्हय. वर बशीभर आनिक मागून घेतला."

"पर भांडान माझं व्हतं!"

नथूकाकांनी घसा खाकरला. "भैरू, घर कुणाच्या नावावर हाय?"

घर आईच्या नावावर आहे. मी चपला घातल्या.

घरी येऊन मी आईसमोर उभा राहिलो. "आये, तू चा का घेतलास?"

"तू घेत न्हवतास, मग कुनी घ्यायचा? आन् फुकाट न्हाई घेतला! भगदाडाच्या बदल्यात कुशाबाकडनं दाराफुडं बसायला कट्टा बांधून घेतीया."

"आन् भगदाड?"

"त्ये तू बुजव."

कट्टा झाला. छान झाला, खोटं कशाला बोलू! रविवारी मी बाथरूममध्ये उकिडवा बसून थापीने माल भरत होतो. भगदाडातून स्वयंपाकघर दिसत होतं आणि त्याच्या उघड्या दारातून नवा कट्टा. त्यावर आई, नथूकाका आणि कुशाबा चहा पीत बसले होते.

"दादा, माल पातळ झालाय!" कुशाबा तिथूनच ओरडला.

मी शेवटची वीट दणकून बसवली आणि ते दृश्य कायमचं बंद केलं. आणि सांगून ठेवतो, त्या दिवशीसुद्धा मी चहा घेतला नाही! अर्थात, मला कुणी विचारलंही नाही.