फणसाच्या गादीला दत्तक

कातळगावावर पिढ्यान्‌पिढ्या एका फणसाचं राज्य होतं. गेल्या पावसाळ्यात महाराजांच्या बुंध्याला कीड लागली आणि दिवाळीच्या आत ते वारले. त्यांच्या आठळीतून उगवलेलं रोप गादीचं वारस होतं, पण वय लहान. म्हणून शाळेतल्या नाचणकरबाईंच्या परसात त्याचं पालनपोषण चालू होतं. बाई आठवीला नागरिकशास्त्र शिकवत, त्यामुळे पंचांना त्यांच्याइतकं योग्य कुणी वाटलं नाही.

रस्त्याच्या कामासाठी आलेला रोडरोलर त्याच सुमारास सत्तेवर आला. कंत्राटदार निघून गेला, रोलर राहिला, आणि एका सकाळी त्यानं जाहीर केलं की आजपासून गाव आपलं आहे. कुणी हरकत घेतली नाही. एक धनी गेला, दुसरा आला, असंच लोकांनी धरलं. रस्ते तर खरंच सपाट झाले. मग अंगणं सपाट झाली, मग शेतांचे बांध.

फाल्गुनात रोलरचा सचिव दिगंबर वझे शाळेत आला. राजेशाही आणि हुकूमशाही यांतला फरक सांगणारा धडा साहेबांना पटलेला नाही, तो शिकवू नये, असं त्यानं सांगितलं. शिवाय बाईंचं परस साहेब स्वतः येऊन सपाट करणार होते. कधी, असं बाईंनी विचारलं. ऊन उतरल्यावर, असं वझे म्हणाला.

रोपाला बाईंनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. मधल्या सुट्टीतच त्या निघाल्या आणि रोलरसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"फरक काय आहे, बाई?" रोलरनं विचारलं. "फणस एकटाच राज्य करायचा. मीही एकटाच करतो."

"महाराज ज्येष्ठात फळ द्यायचे," बाई म्हणाल्या. "गरे घरटी वाटले जायचे. एका वर्षी त्यांनी चुकवलं, तेव्हा पंचांनी त्यांना समज दिली. त्यांनी ती ऐकून घेतली."

"आणि मी?"

"तुम्हाला समज द्यायची गावात सोय नाही. तेवढाच फरक."

रोलरनं कबूल केलं की हे आपल्यालाही जाणवतं. लोक वाट सोडतात, पण नमस्कार करत नाहीत. बाईंनी तिथल्या तिथे उपाय सुचवला. महाराजांच्या नावे दत्तक जावं, म्हणजे रीतसर राजा होता येईल. मात्र त्याला घराण्यातल्या कुणा हयात वारसाची संमती लागते, आणि हयात असं ते रोपच काय ते उरलं होतं.

परस वाचलं. गुढीपाडव्याला दत्तकविधान झालं. रोलरच्या चाकाला हळद लागली, रोपाचं पान त्याला टेकलं ती संमती धरली गेली, आणि राजाची कर्तव्यं वाचून दाखवण्यात आली: ज्येष्ठ लागताच फळ, कसूर झाल्यास समज. रोलरनं सगळ्याला होकार दिला. लोकांनी त्याला नमस्कार केला, तेव्हा बाईंनाही बरं वाटलं.

वैशाख अमावास्येपर्यंत रोलरवर फळाचं चिन्ह नव्हतं. तरी घराघरांत फणस कापायच्या विळ्यांना तेल लावून झालं. पंचांनी समज तयार ठेवली. ती दुसऱ्या दिवशी बाईंनी वाचायची होती. संध्याकाळी वझे दवंडी पिटत फिरला. यंदा ज्येष्ठ येणार नव्हता. पुढील हुकूम होईपर्यंत वैशाखच चालू राहणार होता.

सकाळी पुन्हा वैशाख अमावास्या होती. पंच जमले. समज ज्येष्ठातच देता येते, यावर त्यांचं एकमत झालं आणि ते घरी गेले. बाई एकट्याच रोलरकडे गेल्या.

"राजाला हे करता येत नाही," त्या म्हणाल्या.

"शाळा उघडली की मुलांना तसं शिकवा," रोलर म्हणाला. "माझी हरकत नाही."

कातळगावात शाळा ज्येष्ठात उघडते. बाई परत निघाल्या. वाटेत मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती. जमीन इतकी सपाट होती की चेंडू लांबवर जाऊन दिसेनासा होत होता. सुट्टी कशी चालली आहे, असं बाईंनी विचारलं. छान चालली आहे, असं मुलं म्हणाली.