निवडून आलेली शिडी

"उमेदवार मिळत नाही म्हणजे काय?" प्राचार्यांनी नागरिकशास्त्राच्या सरांना विचारलं.

"परीक्षा तोंडावर आहे सर. मुलं म्हणतात, अभ्यास करू की उभे राहू?"

"ते मला सांगू नका. वरून पत्र आलंय. नव्या मतदारांना मतदानाची सवय लावा, कॉलेजात सरावाची निवडणूक घ्या, नव्वद टक्के मुलं मतपेटीपर्यंत आली पाहिजेत. आली, तर तुमची नोकरी कायम. नाही आली, तर... तुम्ही सुज्ञ आहात."

सर सात वर्षं तात्पुरते होते. मुलं त्यांना लोकशाहीसर म्हणत, कारण खिडकी उघडायची की लावायची, हेसुद्धा ते वर्गाला हात वर करायला लावून ठरवत. मागच्या वर्षीच्या सरावाला नऊ मुलं आली होती. त्यातली तीन ओळखपत्राची रांग समजून उभी राहिली होती.

बाहेर पडताना सरांची नजर व्हरांड्यातल्या अडगळीवर गेली आणि त्यांचं डोकं चाललं. माणसं उभी राहत नाहीत तर वस्तू उभ्या करू! मतपत्रिकेवर तीन उमेदवार छापले गेले : दार निखळलेलं कपाट, चेपलेला पृथ्वीगोल आणि शिपाईकाकांची नऊ पायऱ्यांची लाकडी शिडी.

मुलं खूश झाली. तीनशे बारापैकी दोनशे शहाण्णव जणांनी मत दिलं आणि शिडी दणदणीत मतांनी आली. सरांनी घरी बायकोला सांगूनही टाकलं, "झालं हो आपलं कायम!"

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली आली. दुसऱ्या वर्षाची ही मुलगी नियमांची पुस्तकं इतर मुली मासिकं वाचतात तशी वाचायची.

"सर, मतपत्रिकेच्या मागे काय छापलंय, वाचलंत?"

सरांनी घाईत मागच्याच वर्षीचा मजकूर छापायला दिला होता. 'निवडून आलेला उमेदवार वर्षभर विद्यार्थी प्रतिनिधी राहील.' खाली प्राचार्यांची सही, शिक्क्यासकट.

"अगं, पण ती शिडी आहे!"

"उमेदवार माणूसच हवा, असं कुठं लिहिलंय?"

त्या दुपारी शिडीला बैठकीच्या खोलीत जागा मिळाली. तिथवर ठीक होतं. पण वाचनालयातला दिवा गेला आणि शिपाईकाका शिडी न्यायला आले, तेव्हा चाळीस मुलं आडवी आली.

"काका, प्रतिनिधीच्या डोक्यावर पाय देणार तुम्ही?"

"अरे बाबांनो, वीस वर्षं देतोय!"

"तेव्हा ती निवडून आली नव्हती."

आठवड्याभरात वाचनालय अंधारलं, मग जिना, मग प्रयोगशाळा. शेवटी प्राचार्यांच्या खोलीतला दिवाही गेला. त्यांनी शेजारच्या शाळेतून दुसरी शिडी मागवली, तर फाटकातच घोषणा सुरू झाल्या : "प्रतिनिधीच्या नातेवाइकांना काम देणं बंद करा! घराणेशाही चालणार नाही!" बिचारी शिडी आल्या पावली परत गेली.

"अहो सर," प्राचार्य अंधारातून म्हणाले, "हे तुमचं बाळ. आता तुम्हीच निस्तरा."

"फेरनिवडणूक घेता येईल. पण शिडीविरुद्ध उभं कोण राहणार?"

"मी राहतो! सगळ्या कर्मचाऱ्यांनाही मत द्या. बत्तीस मतं तर खिशातच आहेत. आणि ऐका, मी पडलो तर तुमचं सामान बांधा."

प्रचाराचा धुरळा उडाला. वादविवाद ठेवला गेला. प्राचार्य तासभर बोलले, चारदा पाणी प्याले, दोनदा चिडले. शिडी तासभर शांत उभी होती. चष्मेवाली नंतर सगळ्यांना सांगत सुटली, "साहेबांनी सतरा आश्वासनं दिली. शिडीनं एकही दिलं नाही, म्हणजे मोडायचा प्रश्नच नाही."

मतदानाच्या दिवशी मुलांची रांग फाटकाबाहेर गेली. तापानं फणफणलेला एक मुलगा गोधडीसकट आला. कर्मचारी मत देऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत जात आणि "साहेब, तुम्हालाच दिलं" असं सांगून येत. काका तर छातीवर हात ठेवून सांगून आले.

शेवटी सर पडद्याआड गेले. हात प्राचार्यांच्या नावाकडे वळला आणि तिथंच अडला. सात वर्षं या माणसानं झुलवलं होतं. शिडीनं कधी साधं टोचूनही बोलल्याचं आठवत नव्हतं. 'बाकी एकतीस मतं तर त्यांनाच पडणार,' सर मनाशी म्हणाले, 'त्यातलं एक इकडचं तिकडं झालं तर कोणाला कळतंय?' त्यांनी डोळे मिटून शिडीवर शिक्का मारला आणि खोलीत जाऊन सांगितलं, "सर, तुम्हालाच दिलं."

मोजणीला सर आणि चष्मेवाली बसले. पहिला गठ्ठा शिडीचा. दुसरा शिडीचा. तिसराही शिडीचाच. तीनशे चव्वेचाळीस मतदार, तीनशे चव्वेचाळीस मतं. प्राचार्यांच्या रकान्यात भोपळा. एकतीसच्या एकतीस जणांनी नेमका तोच हिशेब केला होता!

कागद घेऊन सर खोलीत गेले. सामान किती ट्रंकांत मावेल, याचा ते विचार करत होते.

प्राचार्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि त्यांचा आवाज चढला. "शून्य? सगळे येऊन सांगून गेले! काका खोटं बोलला! कारकून खोटं बोलला! तुम्हीसुद्धा, सर? एकानंही मला..."

"एकानंही नाही, सर," सर म्हणाले. मग ते थबकले. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे... आपणही नाही."

प्राचार्यांनी कागद उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"स्वतःलाच मत द्यायचं म्हणजे... बरं दिसत नाही हो," ते हळूच म्हणाले. "वाटलं, बाकीचे देतीलच."

"मग मतपत्रिका कोरी टाकायची, सर."

"कोरी कशी टाकू?" प्राचार्य उसळले. "तुम्हीच महिनाभर घसा फोडून सांगत होतात ना, की मत वाया घालवू नका म्हणून!"

सात वर्षांत आपलं शिकवणं इतकं कुणाच्या मनावर बिंबल्याचं सरांना आठवत नव्हतं.

"सर, आकडे फलकावर लावायचे आहेत," ते नम्रपणे म्हणाले. "मोजणी जाहीर असते. आणि मुलं हिशेबाला पक्की आहेत."

प्राचार्यांनी खण उघडला, नोकरी कायम केल्याचा कागद काढला आणि खिडकीशी वाकून त्यावर झोकदार सही ठोकली.

"फलकावर नुसतं एवढंच लिहा," ते म्हणाले, "की मतदान शंभर टक्के झालं."