कात्रीचं भांडण आणि कोर्टाची हद्द

अहो न्यायासनावर बसलेल्यांनो, तुम्ही लबाडाला पाठीशी घालता आणि सरळ माणसाची अब्रू भर कोर्टात धुवायला काढता! हो, तुम्हालाच म्हणतोय!

प्रकरण साधं होतं. मोबाइलवरून शेअर घेऊन देणाऱ्या एका कंपनीने माझे शेअर मला न विचारता विकून टाकले. शिलाई मशिनच्या कारखान्याचे शेअर! बायको कपडे शिवते, म्हणून खास जपलेले. रोज मशिनवर बसताना ती म्हणायची, "या कारखान्याची मी मालकीण बरं का, थोडीशी!" शेअर गेले आणि तिचं ते म्हणणंही गेलं. मला तेवढं वाक्य परत हवं होतं.

मी पंखे दुरुस्त करतो. पण कायदा स्वतः वाचला. "वकील कशाला? या कंपनीला पात्याला बांधून गरगर फिरवतो बघ!" असं हिला सांगून दावा ठोकला.

पहिल्याच तारखेला कंपनीचा वकील उठला. "यांनी अट मान्य केलीय. भांडण झालंच तर आमच्या शहरातल्या कोर्टात!"

"मान्य कसली? चौकोनात खूण केल्याशिवाय पुढचं पान उघडतच नव्हतं!" मी गरजलो. "शेअर मी इथे घेतले. घरात, सोफ्यावर लोळत!"

"नक्की?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सोफा आणून दाखवू?"

वकील गालात हसला. "साहेब, मोबाइल कुठे होता ते कंपनीला कळतं. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो यांच्या सासुरवाडीत होता. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर." आणि त्याने तारीख सांगितली.

मागच्या बाकावरून ही किंचाळली, "अगं बाई! कात्रीचं भांडण!"

झालं होतं असं, की मी तिच्या कापडाच्या कात्रीने पंख्याची तार कापली. कात्रीला खाच पडली. ती कात्रीसकट माहेरी गेली आणि चार दिवसांनी आपणहून परत आली. तेव्हापासून मी मिशीला पीळ देत सांगत होतो, "मी काही न्यायला आलो नव्हतो हं!"

"तिथे काय करत होता?" न्यायाधीश.

"औषध घ्यायला गेलो होतो, साहेब. खो... खोकल्याचं."

"एवढ्या लांब?" ही उभीच राहिली. "ते दुकान आमच्या दारासमोर आहे, साहेब! अहो, मग बेल का नाही वाजवलीत?"

"हिंमत झाली नाही," मी पुटपुटलो. "म्हणून तुझ्या मशिनचे शेअर घेतले."

डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. तेल हवं होतं त्याला.

"म्हणजे ही आमची हद्द नाही," न्यायाधीश म्हणाले.

"हद्दच झाली!" ही म्हणाली, आणि डोळे पुसत हसत सुटली.

दावा परत! आता सासुरवाडीच्या कोर्टात खेटे घालतोय. कंपनी तिथेही तेच तुणतुणं वाजवते, आमच्या शहरात या! सासरे दर तारखेला दार सताड उघडून ओरडतात, "जावईबापू, पायरीवर नको, आत या!" सगळी गल्ली हसते.

तर न्यायासनावर बसलेल्यांनो, रुसलेल्या बायकोच्या दारासमोर बसलेला माणूस बेल दाबायची सोडून मोबाइलचं बटण दाबतो, तेव्हा तो नेमका कुणाच्या हद्दीत असतो? उत्तर द्या!

हिला विचारू नका. तिचा निकाल कधीच लागलाय, आणि वर अपील नाही.