मुक्कामाचा आग्रह

द्वारकाबाई मापारींनी सवयीनं "चहा तरी घेऊन जा जी" म्हटलं आणि गावावरून चाललेला लघुग्रह थांबला.

सावरखेडवरून लघुग्रह जाणं यात नवल काहीच नव्हतं. लोणार जवळ पडतं, वाट त्यांच्या पायाखालची, त्यामुळे लहानसहान लघुग्रह तिकडूनच जायचे. शेतात वाकलेली माणसं मान वर करून "बरं आहे का?" विचारायची, वरून "बरं आहे" यायचं, आणि दोघंही आपापल्या कामाला लागायचे. सरकारचा नियम एवढाच होता, की जाणाऱ्याला बसा म्हणायचं नाही. लोणारला कोणे एके काळी कुणीतरी म्हटलं होतं. तो बसला. पुढचं तळं सगळ्यांनीच पाहिलंय.

पण द्वारकाबाईंचा स्वभाव! त्यांच्या दारावरून पोस्टमन, बोअरवाला, वाट चुकलेला माणूस, कुणी म्हणून कोरडा गेलेला नाही. त्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होत्या, हा अगदी डोक्यावरून निघाला होता, आणि तोंडातून शब्द गेला तो गेला.

पाहुणा दोन एसटी गाड्या शेजारी शेजारी लावाव्यात एवढा होता. कपडे वाळत घालायच्या तारेच्या जरा वर तो थबकला आणि म्हणाला, "कशाला उगाच त्रास."

"त्रास कसला बाप्पा!" असं म्हणत द्वारकाबाईंनी खाली येऊन आधण ठेवलंसुद्धा. ते उकळायला लागलं तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण काय करून बसलो, आणि त्यांच्या हातातली साखर सांडली.

कारण आतल्या खोलीत रेणुका होती. एकुलती एक लेक, पहिलटकरीण, बाळंतपणाला माहेरी आलेली. सकाळपासून कळा सुरू झाल्या होत्या आणि नर्सबाईंनी बजावून ठेवलं होतं, की आता हिला इथून हलवायचं नाही. पाहुणा जर का टेकला, तर रेणुका, तिचं बाळ, हे घर, सगळ्याचं मिळून तळं होणार होतं.

चहा परातीतून वर गेला. तेवढ्यात नायब तहसीलदार उबरहंडे जीपमधून उतरले.

"पाहुण्यांना कुणी थांबवलं?"

"मीच," द्वारकाबाई म्हणाल्या.

"लेखी की तोंडी?"

"तोंडी."

"मग अवघड आहे," उबरहंडे खिन्नपणे म्हणाले. "लेखी असतं तर शुद्धिपत्रक काढता आलं असतं."

तरी आपलं कर्तव्य म्हणून ते गच्चीवर गेले, घसा साफ केला आणि म्हणाले, "आपणांस विनंती करण्यात येते, की आपण तात्काळ मार्गस्थ व्हावं."

पाहुणा वीतभर खाली आला. तार तटकन तुटली आणि वाळत घातलेलं धोतर उबरहंड्यांच्या खांद्यावर पडलं.

"झालं समाधान?" द्वारकाबाई दबक्या आवाजात कडाडल्या. "वाईट वाटलं ना त्यांना! आपणच बोलवायचं आणि आपणच हाकलायचं, ही कुठली रीत? उद्या रुसून बसले म्हणजे?"

'बसले' हा शब्द ऐकून उबरहंड्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

द्वारकाबाईंचे यजमान सुदामराव इतका वेळ जिन्यात उभे होते. ते हळूच म्हणाले, "मी काय म्हणतो, जेवायचं विचारायचं का? जेवले की जातील."

"तुम्ही तर बोलूच नका. जेवलेला माणूस लवंडतो, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?"

खालून रेणुकाचं कण्हणं ऐकू आलं. द्वारकाबाईंच्या काळजाचं पाणी पाणी झालं. पोरीजवळ असायचं सोडून आपण इथं दगडापुढं उभ्या! त्यांनी परात उचलली. परात रिकामी होती आणि अजून चटका बसत होता. त्या तिथंच थांबल्या. ज्याला बसायचं असतं, तो फुंकर मारून मारून पितो. यानं तर गरमागरम एका दमात संपवला होता.

म्हणजे याच्या मनात जायचं होतं. उठायचं निमित्त सापडत नव्हतं, इतकंच.

त्यांना स्वतःचंच आठवलं. मेहकरला नणंदेकडे गेलं, की चहाला बस म्हटल्यावर त्या बसायच्या, जेवायला थांब म्हटल्यावर थांबायच्या. पण नणंदेनं गाद्या काढायला घेतल्या रे घेतल्या, की द्वारकाबाईंना घर आठवायचं. त्या उबरहंड्यांच्या कानाशी लागल्या. "मुक्कामाचा आग्रह करते."

"अहो, वेड लागलं का? लोणारला नेमका तोच केला होता म्हणतात!"

"तिथं तीनदा केला असंल. मी दोनदाच करीन."

आणि पदर सारखा करून त्या वर बघत मोठ्यानं म्हणाल्या, "आता दिवस कलला. कुठं निघता? राहाच आज. गादी घालते मी. सकाळी न्याहारी करून निघा."

उबरहंड्यांनी डोळे मिटले. सुदामरावांनी जिन्याचा कठडा धरला.

"नको हो," पाहुणा म्हणाला. "पुष्कळ झालं."

"असं कसं? इतक्या लांबून आलात. एक रात्र राहिलात तर काय बिघडतं?" एकदाच विचारलं असतं तर वरवरचं वाटलं असतं. पाहुण्याला ते बरोबर कळतं.

पाहुणा विचारात पडला, आणि विचार करता करता आणखी वीतभर खाली उतरला. कुरडयांवर सावली पडली. तिसऱ्यांदा म्हणायचं नाही, ही गाठ द्वारकाबाईंनी मनाशी पक्की बांधली होती. पण सवय वाईट हो, शब्द जिभेच्या शेंड्यावर आलाच होता. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"राहिलो असतो," शेवटी पाहुणा म्हणाला. "पण घरी वाट बघतात. निघायलाच हवं."

द्वारकाबाईंनी पदर काढला. "मग अडवत नाही. पण रिकाम्या हातानं जाऊ नका." त्या धावत खाली गेल्या. घरात रेणुकासाठी केलेले डिंकाचे लाडू तेवढे होते. तेच डब्यात भरले आणि डबा वर ठेवला. पाहुण्यानं तो घेतला, "येतो" म्हणाला आणि हनुमंताच्या देवळावरून पूर्वेला निघून गेला. उबरहंडे मटकन कुरडयांवरच बसले. द्वारकाबाई त्यांना काहीही बोलल्या नाहीत. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दिवेलागणीला रेणुकाला मुलगी झाली. लाडू पुन्हा वळावे लागले.

चार दिवसांनी सुदामरावांनी विचारलं, "तो नाव घातलेला स्टीलचा डबा कुठाय?" द्वारकाबाई म्हणाल्या, "येईल परत. चांगल्या घरचे होते."

बारशाच्या दिवशी डबा आला. दुसराच कुणी लहानसा लघुग्रह त्या वाटेनं चालला होता. त्यानं डबा अलगद गच्चीवर ठेवला, "तिकडून दिलाय" म्हणाला आणि न थांबता गेला. कुणी त्याला काही म्हटलंही नाही. डबा घासून लख्ख केलेला होता, आणि रिकामा नव्हता. आत बोराएवढा एक काळा गुळगुळीत खडा होता.

द्वारकाबाईंनी तो पाळण्याजवळ नेला, तसा तो हातातून सुटला आणि बाळाच्या डोक्यावरून गोल गोल फिरू लागला. अगदी जवळून जातो, पण लागत नाही. पोरगी त्याच्याकडे बघत रडायची थांबते, त्यामुळे पाळण्यावर टांगायचं चिमणाळं आणावं लागलं नाही. बाळाला बघायला बायका येतात, तेव्हा द्वारकाबाई त्यांना दारातच सांगतात, की पोरीला काय हवं ते म्हणा, फक्त खड्याला बस म्हणू नका.