सोर्स गायरानात ठेवू नये

आमचे शेजारी मल्लिनाथअप्पा कॉम्प्युटरसमोर बसताना डोक्यावरची टोपी काढून खुंटीला अडकवतात. मग मधेच उठतात, ती घालतात, दोन बटणं दाबतात, आणि पुन्हा काढून ठेवतात. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याचं डोकं खाजतंय.

तसं नाही. अप्पांच्या मशीनवर लिनक्स आहे, आणि लिनक्समध्ये माणसं दोन प्रकारची. एक साधा वापरणारा आणि दुसरा ‘रूट’, म्हणजे सगळ्याचा मालक, त्याला अडवणारं कुणी नाही. अप्पा बोडके असले की गडी, टोपी घातली की मालक. "काम गड्यानं करायचं सर. मालकानं निस्तं शेवटाला येऊन बसवून जायचं. मालकच कुळव घिऊन घुसला तर बांध ऱ्हातोय व्हय?"

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एकदा टोपी घालून त्यांनी भलतीच आज्ञा दिली आणि अर्धा कॉम्प्युटर पुसून टाकला. त्या दिवशी अप्पांनी टोपीला इतक्या शिव्या घातल्या, की माझी बायको खिडकी लावून बसली.

अणदुरात अप्पांचं खत-बियाणांचं दुकान आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा हैदराबादला. दुकान मागं पडलं आणि कर्नल पुढं आलं. कर्नल म्हणजे लिनक्सचं काळीज. ते तयार मिळतं, फुकट मिळतं. पण अप्पांना तयार चालत नाही. ते त्याचा सोर्स उतरवून घेतात, म्हणजे माणसांनी लिहिलेल्या मूळ फायली. त्यात आपल्याला पाहिजे ते बदलतात आणि मशीनकडून नवं कर्नल बनवून घेतात. याला कंपाइल करणं म्हणतात. अप्पा ‘शिजवणं’ म्हणतात. मी गणिताचा मास्तर, मला या भानगडी कळायचं काही कारण नव्हतं. पण अप्पांचा शेजार हीसुद्धा एक शाळाच आहे, आणि तिला सुट्टी नाही.

त्यांच्या मशीनला कर्नल शिजवायला सहा तास लागतात. अणदुरात वीज सलग सहा तास टिकत नाही. म्हणून माझ्या इन्व्हर्टरची एक वायर भिंतीवरून त्यांच्याकडं गेलेली आहे. भर मे महिन्यात मी घामानं निथळत असतो आणि पलीकडून आवाज येतो, "एवढं शिजस्तवर पंखा बंद ठिवा सर, वारं काय बाहेरबी हाय." माझी बायको कुकर लावायच्या आधी विचारते, "अप्पांचं उतरलं का?"

बरं, शिजवा बाबा. पण तो सोर्स ठेवायचा कुठं, यावर अप्पा गावाला छळतात. लिनक्समध्ये ‘यूएसआर एसआरसी’ नावाची एक जागा आहे. पुष्कळ लोक सवयीनं सोर्स तिथं टाकतात. अप्पांच्या मते ते गायरान. "तितं सिस्टिमचं सामान असतंय. उद्या अपडेट आलं, तुडवून गेलं, कुणाला बोलनार? गायरानात पेरल्यावर पीक कुणाचं?" सोर्स आपल्या घरच्या फोल्डरमध्येच ठेवावा, तिथंच गड्याच्या हातानं शिजवावा, हा त्यांचा कायदा.

एकदा एक शेतकरी सोयाबीनचं बियाणं घ्यायला आला. अप्पांनी त्याला विचारलं, "घरचं बेणं कुटं ठिवतोस?"

"घरात."

"बगा सर! ह्याला कळतंय. त्या शिकल्याल्यांना कळंना!"

"अप्पा, दोन पिशव्या द्या की," तो म्हणाला, "गाडी लावून आलोय."

अप्पांचा दुसरा कायदा मात्र माझ्या डोक्यात जायचा. सोर्सची प्रत एकच ठेवायची. आमच्या खंडोबाचा देव एक आणि देवळं दोन, एक अणदूरचं, एक नळदुर्गचं. देव वर्षातले काही महिने तिकडं असतो, बाकीचे इकडं, आणि दोन्ही गावं हे पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. तोच नेम अप्पांनी सोर्सला लावला. सगळा सोर्स एका सुट्या डिस्कवर, ती घरच्या फोल्डरला जोडायची. डिस्क स्टीलच्या डब्यात, डबा पंच्यात गुंडाळलेला. डबा नळदुर्गाला गेला की इथल्या मशीनवर नुसती खूण राहते, की देव तिकडं आहे.

"अप्पा, दुसरी कॉपी करा!" मी चार वर्षं ओरडत होतो. "फायली आहेत त्या. देव नाहीत!"

"दोन केल्या की खरी कुटली, ह्याच्यावर भांडणं लागत्यात."

"भांडणार कोण? तुम्ही एकटे!"

"म्या काय कमी भांडखोर हाय व्हय?"

कपाळ!

आता नळदुर्गाला काय, ते सांगतो. तिथं गफूरभाई राहतात, अप्पांचे वर्गमित्र. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, लिनक्स अप्पांना त्यांनीच शिकवलं. पाच वर्षांपूर्वी लकवा मारला. वाचा गेली, हात गेले, एक डावा अंगठा तेवढा हलतो. पोरांच्या खेळातली एक जुनी जॉयस्टिक आहे, तिच्यावर तो अंगठा ठेवून ते पडद्यावर एकेक अक्षर निवडतात आणि बोलतात. पण अंगठ्यातली ताकद हळूहळू कमी होतेय. म्हणून अप्पा दर महिन्याला नळदुर्गाला जातात, अंगठा किती दाबतो ते बघतात, कर्नलच्या सोर्समध्ये त्या जॉयस्टिकचा भाग आणखी हलक्या दाबाला चालेल असा करतात, घरी येऊन सहा तास शिजवतात आणि पुन्हा जाऊन बसवून येतात. पुण्यात इंजिनिअर असलेला माझा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, यासाठी कर्नल कशाला? वरच्या वर होतं हे." अप्पांना सांगितलं. म्हणाले, "पुन्याला समदंच वरच्या वर करत्यात."

आणि एका सकाळी अप्पा तो डबा एसटीत विसरले.

नळदुर्गाला केळीची फणी घेऊन उतरले आणि डबा गेला तसाच पुढं. परतीच्या गाडीनं लगेच घरी आले आणि ओट्यावर बसून राहिले. मी जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं. एक कॉपी, एक! चार वर्षांची अंगठ्याची सगळी मापं त्यात! आता तो अंगठा आणखी ढिला पडला, तर तो माणूस कायमचा मुका होईल, कळतंय का?

अप्पा एकदाही उलटून बोलले नाहीत. तेव्हा मात्र मी घाबरलो.

"सर," शेवटी म्हणाले, "गफूरला तुमी सांगून येता का? मला तोंड न्हाय."

मी गेलो. गफूरभाई खिडकीशी खुर्चीत होते. मी आडवळणं घेत, पाणी पीत, कसंबसं सांगून टाकलं. त्यांचे डोळे हसले. अंगठा हलायला लागला. पडद्यावर एकेक अक्षर उमटत गेलं, आणि मी शाळेतल्या पोरासारखा मोठ्यानं वाचत गेलो.

"मा-झ्या-क-डं आ-हे."

"काय?"

त्यांनी फोल्डर उघडून दाखवलं. सगळा सोर्स होता, मागच्या महिन्याच्या मापापर्यंतचा. दर वेळी अप्पा जेवायला उठले की गफूरभाई प्रत करून घेत. आणि ठेवली कुठं होती? यूएसआर एसआरसीमध्ये! त्या गायरानात अप्पा मेले तरी पाऊल टाकणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक.

मी खुर्चीवरून उडालोच. "अहो, मग सांगायचं ना त्यांना! तो माणूस तिकडं जेवलेला नाही!"

अंगठा पुन्हा हलला. या वेळी खूप वेळ लागला.

"अप्पाकू नक्को बोलो सर. मेरे पास है समजा तो आएंगा कायकू?"

मी त्यांच्यासाठी केळं सोललं, त्यांच्या सुनेनं ते कुस्करून भरवलं, आणि मी गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी देवानं म्हणा, कंडक्टरनं म्हणा, लाज राखली. डबा उमरग्याच्या बसस्टँडवर जमा होता. वर अप्पांनी चिकटवलेल्या चिठ्ठीत दुकानाचा नंबर होता. मीच जाऊन घेऊन आलो. अप्पांनी डबा उघडला, डिस्क जोडली, सगळ्या फायली जागेवर बघितल्या. मग बराच वेळ पंच्याच्या घड्या घालत राहिले.

"सर, तुमचं खरं हुतं," म्हणाले. "दुसरी कापी करतो. गफूरकडंच ठिवून देतो. त्याची सून हाय हुशार, माप बदलायचं तिला फोनवरनं सांगता येतंय. मग सारकं जायाचीबी गरज न्हाय."

एवढं बोलून ते माझ्याकडं बघत राहिले. हे वाक्य ऐकायला मी चार वर्षं घसा कोरडा केला होता. आणि अप्पांच्या चेहऱ्याकडं बघवेना.

"काही गरज नाही," मी खेकसलो. "फोनवरनं माप कळतं होय कुठं? तुम्हीच जात जा."

"व्हय की न्हाय? म्या बी तेच म्हन्तो!" अप्पा ताडकन उठले. "साडेधाची गाडी घावंल न्हवं?"

"घावंल," मी म्हणालो. "डबा मांडीवर घेऊन बसा."