नाकेमामा आणि सीमेपलीकडचा डेपो

उदगीरहून बिदरकडे जाताना नाकेमामा सीमेवर गाडी थांबवायला लावतात. तिथला तपासणी नाका उठून बरीच वर्षं झाली. आता त्या शेडमध्ये रसवंती आहे. तरी मामा काखेत फाइल घेऊन उतरतात, शर्टाची वरची गुंडी लावतात, शेडसमोर दोन मिनिटं उभे राहतात आणि परत येतात. "झालं?" विचारलं की म्हणतात, "झालं. कागद बराबर हायेत. चला." रसवंतीवाल्यालाही सवय झाली आहे. तो मान हलवून आम्हाला पुढं सोडतो.

त्यांचं खरं नाव गंगाधरराव. उदगीरच्या आमच्या तेल कंपनीत ते बिदरचा डेपो सांभाळायचे आणि मी कराचे कागद बघायचो. कागदावर मामांचा भारी जीव. माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी दारावर पत्रिका काढून दाखवली, ती कुणी बघितली नाही म्हणून रुसले, आणि शेवटी पंगतीत वाढप्याला दाखवूनच पहिला घास घेतला.

त्या काळी दुसऱ्या राज्यात थेट तेल विकलं की जादा कर लागायचा. आपल्याच डेपोला पाठवून तिथून विकलं की तो टळायचा. म्हणून जी ती कंपनी सीमेपलीकडं एक डेपो थाटून बसलेली. मामा आठवड्यातून तीनदा ट्रकबरोबर नाका ओलांडायचे.

आणि एवढा कागदवेडा माणूस दर खेपेला फॉर्ममधला एक रकाना कोरा सोडायचा! कधी गाडीचा नंबर, कधी डब्यांचा आकडा. नाक्यावरचे कारकून बसप्पा गाडी अडवायचे, की गेला दीड तास. मी फोनवर कडाडायचो. मामांचं उत्तर ठरलेलं, "राहून गेलं सायेब. वय झालं." तेव्हा त्यांचं वय अडतीस होतं.

मग देशभर एकच कर आला आणि नाके उठले. बिल मोबाइलवर निघू लागलं. त्यात रकाना कोरा ठेवला तर गाडं पुढंच सरकत नाही. मामा वैतागले. "हे कसलं यंत्र? मानसाला चूकबी करू देत न्हाई!"

आता डेपो कशाला हवा? उदगीरहून निघालेला ट्रक थेट हुबळीच्या दुकानदाराकडं जाऊ शकत होता. बाकीच्या कंपन्या आपापले डेपो गुंडाळू लागल्या. मालकांनी मला टिपण लिहायला सांगितलं. ते कळल्यावर मामा माझ्या टेबलाशी आले.

"सायेब, डेपो ठिवता येईल का? कायतरी कारण लिवा."

"काय कारण लिहू?"

"तुमी शिकलेले हाव. तुमाला सुचंल."

मी हसलो. देशाची एक बाजारपेठ झाल्याचे फायदे त्यांना समजावून सांगितले. "हाव, बराबर हाय," म्हणून ते गेले. त्याच दिवशी मी टिपण लिहिलं. मालकांना ते फार आवडलं, आणि मलाही.

डेपोला कुलूप लावायला मी स्वतः गेलो. तो शनिवार होता. दुपारी एक वयस्कर गृहस्थ जेवणाचा डबा घेऊन आत आले आणि मामांना म्हणाले, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच. ते बसप्पा. नाका उठल्यावर त्यांची बदली बिदरच्या कचेरीत झाली होती आणि दर शनिवारी ते डेपोवर जेवायला येत होते. रिकाम्या डब्यांवर बसून दोघांनी भाकरी मोडली, मलाही दिली.

"तुमचा माणूस लई हुशार," बसप्पा त्यांच्या मराठीत म्हणाले. "दर वेळी एक चूक. मी मोठ्यानं ओरडायचा, गाडी बाजूला घ्यायचा, मग आम्ही जेवायचा."

मामांची बायको लवकर गेलेली. बसप्पांचं कुटुंब दूर गावाकडं. इतकी वर्षं दोघं एकमेकांच्या घरी मात्र कधी गेले नव्हते. भेटायचं ते कामाच्या ठिकाणी. आणि शेवटचं ठिकाण बंद करायला मी किल्ल्या घेऊन बसलो होतो.

परत येताना मी विचारलं, "मामा, मला आधी सांगायचं नाही का?"

"हे कंपनीच्या कागदात कुठं लिवणार, सायेब?"

गेल्या वर्षी कामानं बिदरला गेलो, तेव्हा मामांना बरोबर घेतलं. कचेरीत चौकशी केली. बसप्पा निवृत्त झाले होते, तिथंच एका गल्लीत एकटेच राहत होते. पत्ता मिळाला. घर सापडलं. आतून टीव्हीवरच्या कन्नड बातम्या ऐकू येत होत्या. मामा फाटकापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला, काढला आणि गाडीत येऊन बसले.

"काय झालं?"

"काम न्हाई, माल न्हाई. कशाला आलो म्हणून सांगू?"

जेवायला आलो म्हणा, एवढं सांगायला हवं होतं. हाताला धरून न्यायला हवं होतं. ते माझ्याकडं बघत होते, मी काही कारण काढीन म्हणून. पण चार वाजता उदगीरला बैठक होती. मी घड्याळ पाहिलं आणि गाडी सुरू केली.