डब्यावरचा काल

मिठाचं कोमट पाणी, तांब्याभर.

निळी बादली.

सोसायटीच्या गेटवर पोलिसाची मोटारसायकल.

काळ्या पेनाने लिहिलेला एक इवलासा शब्द.

गुरुवार.

हे सगळं जुळेल. आधी ऐका: उरलेलं अन्न सांभाळण्यात माझा हात धरणारा माणूस दिल्लीच्या अख्ख्या मयूर विहारात नाही! वीणा आठवडाभर पुण्याला निघाली, तेव्हा तिने स्टेशनवरच दम दिला. "माझ्या बाबांना शिळंपाकं घालू नकोस. त्यांना काही झालं ना, तर मी परत येणार नाही. आणि आले, तर तू राहणार नाहीस!"

"अगं, माझी पद्धत आहे," मी म्हटलं. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, 'आज' किंवा 'काल'. त्याआधीचं ते कचऱ्यात. भाऊसाहेबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वाचायचं आणि जेवायचं. संपलं!

गुरुवारी दुपारी ऑफिसात फोन. आमची स्वयंपाकवाली फूलवती किंचाळत होती. "साहब! बाबूजी ने काल खा लिया!"

आमच्या सेक्शनमधला कूलर म्हणजे उडायला निघालेलं विमान. मला 'कल' ऐकू आलं.

"कल का? अरे, खाने दो! कुछ नहीं होता."

"खाने दूँ?!"

"बिल्कुल! बचा हो तो तुम भी खा लो."

पलीकडे काहीतरी फुटलं. फोन बंद. नंतर लावला, उचलेना. पुन्हा लावला, उचलेना. मेट्रोत मी उभाच राहिलो, बसलो असतो तर रडलो असतो.

गेटवर गर्दी, मध्ये पोलिसाची मोटारसायकल! गार्डने मला पाहून टोपी काढली. "साहब, हिम्मत रखिए."

जिना चढताना मी वीणाला सांगायचं वाक्य जुळवत होतो. 'अगं, बाबा' याच्यापुढे ते जाईना.

आत भाऊसाहेब निळ्या बादलीवर ओणवे. सोसायटीचे सेक्रेटरी नरसिंह त्यांना मिठाचं पाणी पाजतायत, ओकारी काढतायत. फूलवतीने एक डबा चिमट्यात धरलाय, मेलेला उंदीर धरावा तसा.

पोलिसाने मला न्याहाळलं. "दामाद? 'तुम भी खा लो' आपने कहा?"

"देखो, खुद लिखा है!" फूलवती ओरडली. "काल! मैं तो समझी, कॉकरोच की दवाई है!"

"अरे, काल मतलब कल! मराठी में!"

पोलीस विचारात पडला. "मराठी में मौत को कल बोलते हैं?"

"नहीं हो! कल को काल!"

भाऊसाहेबांनी बादलीतून मान वर केली. "जावईबापू, चिठ्ठीवर 'काल' वाचलं, म्हणून तर भात निर्धास्त खाल्ला. जरा आंबूस लागला. म्हटलं, तुमच्या हातचा असेल."

डॉक्टर आले, पोट दाबून पाहिलं, म्हणाले एक शीतही आत राहिलेलं नाही, काळजी नको. मग सगळे फूलवतीला हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो! हसता हसता तिच्याकडून डबा घेतला, चिठ्ठी नखाने खरवडली आणि खिशात कोंबली.

ती चिठ्ठी मी सोमवारी चिकटवली होती.